पुसदच्या तांड्यावरून परत गेलेली बोअरची गाडी

वणी स्टेशनावर उतरले तेव्हा सकाळचे आठच वाजले होते, पण ऊन दुपारचं होतं. चिपळूणहून निघून दीड दिवस झाला होता. धाकटी बहीण मंदा लग्न होऊन या भागात आली त्याला तीस वर्षं झाली. पण दर दिवाळीला तीच माहेरी येई; इकडच्या उन्हाळ्याचं ऐकूनच मी कधी आले नव्हते. या वेळी मे महिन्यात आले, कारण मंदाचा फोनवरचा आवाज मला बरा वाटला नव्हता.

"ताई, ये. हे कुणाचं ऐकत नाहीत. विहिरीवर बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्यात."

हे म्हणजे तिचे यजमान दिनकरराव. राजूरच्या कोळशाच्या खाणीत पाणी उपसणाऱ्या पंपांवर त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुसदजवळ एका तांड्याला (बंजारा वस्तीला) लागून शेत घेतलं. त्या शेतात संत्री लावायला त्यांना बोअर मारायची होती, आणि तांड्याला ती नको होती.

दिनकरराव जुनी जीप घेऊन स्टेशनावर आले होते. स्टेशनाबाहेर तर्रीपोहे खाल्ले. तर्री (झणझणीत रस्सा) इतकी तिखट की माझे डोळे वाहू लागले, आणि ते हसून म्हणाले, "ताई, जरा शेव टाका वरून, मंग लागत नाही."

राजूरच्या क्वार्टरमधून उरलेल्या दोन ट्रंका घ्यायच्या होत्या. रस्त्याकडेच्या बाभळींची पानं काळी पडलेली. ताडपत्री बांधलेले ट्रक एकामागून एक चाललेले. खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर इतके उंच की मी आधी ते खरेच डोंगर समजले. भूगोल शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण कोळशाची खाण मी पहिल्यांदाच पाहत होते.

"खाली अजून आहे का हो कोळसा?" मी विचारलं.

"आहे ना जी थोडा. पण काढला तेवढा गेला. तो काही उगवून नाही राह्यला." गिअर बदलत ते म्हणाले, "आमची हीर (विहीर) होती क्वार्टरमागं. इकडं मी पंप चालवू, तिकडं ती खाली जाये. शेवटी आटली."

बोअरचा विषय काढायची ती चांगली संधी होती. पण मी नुकतीच आले होते, तो पुढे ढकलला.

मुकुटबन गाव मागे टाकलं आणि जीपच्या तोंडातून वाफ निघू लागली. रेडिएटर कोरडा पडला होता. आजूबाजूला नांगरून ठेवलेली कपाशीची रानं, सावली एका कडुनिंबाची, आणि त्याखाली एक घर. दारात एक म्हातारी तुरीच्या काड्यांचा खराटा बांधत बसली होती. दिनकररावांनी पाणी मागितलं. तिने आधी आम्हाला तांब्याभर प्यायला दिलं. मग जीपकडे बघून आत गेली आणि अर्धी घागर घेऊन आली.

"गाडीलेच पाजा आता," ती म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत मले टँकर नाही. पण तुमी तरी इथं किती वेळ बसान?"

दिनकररावांनी ती घागर घेतली खरी, पण ओतताना त्यांचा हात अडखळला. ओतणं भागच होतं. निघताना त्यांनी आमच्या दोन्ही बाटल्यांमधलं पाणी तिच्या माठात रिकामं केलं. पुढे पांढरकवड्यापर्यंत आम्ही तहानलेलेच गेलो.

पुसद आलं तेव्हा दिवस कलला होता. बाजारातून कैऱ्या आणि कांदे घेऊन आम्ही शेतावर पोचलो. मंदा अंगणात उभी होती. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. जेवताना कळलं की बोअरची गाडी परवा सकाळी येणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यावरून सोनाबाई आल्या. वयाने सत्तरीच्या, कपाळावर गोंदण, चालणं मात्र माझ्यापेक्षा ताठ. तांड्यात लहानमोठे सगळे त्यांना याडी (आई) म्हणतात. भांडायला आल्या असतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "साहेब, टेकडीवर चालता का माह्यासंगं? ऊन चढायच्या आत येऊ वापस."

नको म्हणणं दिनकररावांना जमलं नाही. मीही मागोमाग निघाले.

टेकडी शेताच्या वरच्या अंगाला होती. उतारावर ठिकठिकाणी आडवे चर खणलेले, ओघळींमध्ये दगडांचे बांध घातलेले. मध्ये पळस आणि साग, अजून पुरुषभरही उंच न झालेले.

"आधी इथं निस्ता मुरूम होता," सोनाबाई म्हणाल्या. "शिवरात्रीले हीर आटे. बाया दोन कोस जात पान्याले. मंग तांड्यानं ठरवलं, टेकडीवर कुऱ्हाड नाही, बकरी नाही, आन् हिरीच्या आसपास कोनाची बोअर नाही. माह्या पोराचं शेतही हिरीले लागूनच आहे. त्यालेही नाही मारू देली."

"मले हे कोनी सांगतलं नाही, शेत घेताना," दिनकरराव म्हणाले. आवाज चढलेला होता. "जमीन माही आहे. खालचं पानीही माहंच ना?"

सोनाबाई एका दगडावर बसल्या. "खानीत होते म्हनते तुमी. तिथं जमिनीखालचं पानी कोनाचं होतं?"

 दिनकरराव खाली विहिरीकडे बघत राहिले. तिथे मंदा एकटी रहाट ओढत होती. बाकीच्या बायका तिचं होईपर्यंत लांब उभ्या होत्या.  मी शाळेत मुलांना सांगत आले की कोळसा संपतो आणि पाणी परत भरतं. मुलं तसंच लिहीत, मी गुण देत असे.

त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही.

परवा म्हणता म्हणता ती सकाळ आली. चहा होतोय तोच रस्त्यावर धूळ दिसली. पुढे लांबलचक पाइप लादलेली बोअरची गाडी, मागे तिच्या सामानाचा ट्रक. तांड्याची माणसं बांधावर येऊन थांबली. कुणी ओरडलं नाही, कुणी आडवं आलं नाही. मंदा चहा गाळायचा सोडून पायरीवर आली.

दिनकरराव चपला घालून फाटकाशी गेले. ड्रायव्हरशी काही बोलले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं नाही. इतकी लांब आणली गाडी, परत कशी न्यायची, म्हणून तो हात हलवत होता. दिनकरराव पुन्हा काही म्हणाले आणि फाटक लावून त्याला पाठ टेकून उभे राहिले. मग गाडी हळूहळू मागे सरू लागली.

 मंदा तिथेच खाली बसली आणि पदराने तोंड पुसायला लागली.

ते परत आले तेव्हा मी विचारलं, "काय सांगितलंत त्याला?"

"सांगतलं, इथं पानी नाही लागनार." मग हसले. "खोटं बोललो जी. इथं नक्की लागलं असतं, मले समजते. म्हनूनच वापस पाठवली."

तांड्याशी बोलणं व्हायला फार वेळ लागला नाही. दर चौथ्या दिवशी विहिरीवर दिनकररावांच्या शेताची पाळी ठरली. संत्र्याचा नाद सोडून तूर आणि कपाशी घ्यायची ठरली. त्याच संध्याकाळी तांड्यावरून बाटी (भाकरी) आणि कांद्याची भाजी आली, आणि ती घेऊन आलेल्या बाया मंदाशेजारी दिवेलागणीपर्यंत बोलत बसल्या. त्यांची गोरबोली (बंजारा बोली) मला कळत नव्हती. मंदाला कळत होती, हे मला तेव्हाच समजलं.

आठ दिवस राहून मी परतले. जमिनीत जे आहे ते आपलं, असं मानायला कष्ट पडत नाहीत. पाणी परत येतं हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण ते यावं म्हणून कुणीतरी आपली बकरी आवरते, पोराची बोअर थांबवते, हे मी कधी शिकवलं नव्हतं. मला बरं वाटत होतं ते यासाठी की, हे बघायला फार उशीर झाला नव्हता; निदान त्या एका विहिरीपुरता तरी नाही.

घरी पोचल्यावर दुपारी मंदाला फोन केला. तांड्याने टेकडीच्या राखणीची पाळी दिनकररावांनाही लावली होती.

"जेवायला येतो म्हणाले होते, दोन वाजले," ती म्हणाली. तिचा आवाज पूर्वीसारखा लागला होता. "येतील. जन्म जमिनीखाली काढला ना, आता टेकडीवरून खाली यावंसंच वाटत नाही त्यांना."