लाल लावलेलं तोडत नाय

खालापूरकडच्या डोंगरपायथ्याला एक विद्यापीठ आहे. तिथले कुलगुरू कोण, हे निम्म्या पोरांना सांगता यायचं नाही. पण मोतीबाई कोण, असं विचारा, लगेच बोट दाखवतील. ठाकरवाडीची ही बाई बारा वर्षं तिथली झाडं सांभाळते. कमरेला कोयता आणि जिभेला लगाम नाही. "मी आले तवा हितं झाडं जास्त व्हती, आता पाट्या जास्त हायेत," असं भर पाहुण्यांसमोर म्हणते. कोण काय करणार तिचं!

गेल्या वर्षी विद्यापीठाने आपत्ती समिती नेमली. प्रमुख यज्ञेश सर, कर्जतच्या जुन्या शिक्षकी घरातले. माणूस सज्जन, पण यादी केली की यादीच. त्यांनी भोंगा बसवला, सगळ्यांनी कुठे जमायचं त्याचे बाण रंगवले आणि पावसाळ्याआधी तोडायच्या अकरा झाडांवर लाल ऑइल पेंटचे पट्टे मारले. त्यात मुलींच्या होस्टेलकडे कललेलं मोहाचं झाडही आलं.

"सर, मोह कललाय, पण मुळं खोल हायेत त्याची," मोतीबाई म्हणाली. "भ्या धरायचं तर होस्टेलवरच्या त्या तीन गुलमोहोरांचं धरा. वर येवढी छत्री, नि खाली काय नाय."

"अहो, गुलमोहोर फुललेत. माहितीपत्रकासाठी फोटो काढायचेत."

"घ्या! फोटोपायी पोरींच्या डोक्यावर फांद्या!"

पण ऐकतो कोण? झाडं तोडायला रविवार ठरला. मोतीबाईने भावाला, पोशाला, वाडीतली सहा माणसं आणायला सांगितलं. ती स्वतः मात्र त्या दिवशी पळसदरीला, नातीच्या पाचवीला निघाली होती. जाता जाता फोनवर म्हणाली, "लाल लावलेल्या झाडांचं तेवढं नीट बघ रं."

पोशाने नीट बघितलं. त्याच्या वाडीच्या वेशीवर शेंदूर फासलेला वाघोबा आहे. लाल लावलं की तो देव, त्याला कोयता लावायचा नाही, एवढं वाडीतलं शेंबडं पोरही जाणतं. इथे तर देव अकरा! सगळ्यांनी हात जोडले, मोहापुढे नारळ फोडला. पण तोडायला बोलावलंय म्हणजे काहीतरी तोडायला हवंच. संध्याकाळपर्यंत होस्टेलवर झुकलेल्या तिन्ही गुलमोहोरांच्या फांद्या खाली आल्या.

सोमवारी यज्ञेश सर ते बघून मटकन खालीच बसले. "तोडायची ती उभी आणि ठेवायची ती भुईला!"

"पण सर, लाल तुमीच लावलंत नव्हं?" पोशा गोंधळून म्हणाला. "देवाला कोण तोडतंय?"

मोतीबाईला असं हसू फुटलं की तिने पदर तोंडात कोंबला. सरांना मात्र हसू आलं नाही. बुधवारी वादळ येणार असल्याचा इशारा आला होता, दुसरी माणसं मिळत नव्हती आणि पोशाची माणसं तर हटूनच बसली होती. नारळ फोडलाय, आता आमी नाय तोडणार!

"मोतीबाई, तुमच्या माणसांना सांगा. मोह आजच पाडा."

"मोह पडायचा नाय सर. वादळात पडला तर मी पुन्यांदा कामाला येत नाय."

"ठीक आहे. तुमच्याच तोंडचं आहे," सर म्हणाले.

बुधवारी दुपारी भोंगा वाजला. बाण बघत बघत सगळ्या मुली तळमजल्यावरच्या सभागृहात शिरल्या. सरांची तयारी चोख, हे मोतीबाईनेही मानलं. मग वारा आला. तो काय वारा! मोह वाकायचा, उठायचा, पुन्हा वाकायचा. खिडकीशी उभी मोतीबाई त्याच्यावरून नजर काढेना. बारा वर्षांची भाकरी त्या एका झाडावर टांगलेली होती. तोंडाने उगाच बोलले मी, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. तेवढ्यात काहीतरी कडाडलं आणि मुली किंचाळल्या.

तासाभराने सगळे बाहेर आले. वाडीतून पोशा आणि त्याची माणसंही धावत आली. फाटकाजवळचा लाल पट्ट्याचा शिरीष रस्त्यावर आडवा झाला होता. एक गुलमोहोर मुळासकट उपटून होस्टेलच्या बाजूला पडला होता. नुसता बोडका बुंधा, भिंतीपासून चार हातांवर. मोह मात्र जागच्या जागी उभा होता. पाचोळा झाडून निवांत.

सरांनी त्या बुंध्याकडे बघितलं, मग पहिल्या मजल्यावरच्या खोल्यांकडे. फांद्या असत्या तर कुठवर पोचल्या असत्या, हे त्यांना सांगावं लागलं नाही. "मोतीबाई..." म्हणत ते तिच्याकडे वळले.

"आदी आमच्या माणसांना घोटभर च्या सांगा," मोतीबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण तोंड कसलं थांबतंय!

पोशाने शिरीषाला नमस्कार केला. "देव आपणहून निजला. आता चालतंय." झाड हटवायचं यंत्र यायच्या आत रस्ता मोकळा झाला.

यंदा विद्यापीठाच्या परिपत्रकात छापून आलंय: पांढरा पट्टा म्हणजे तोडावे, लाल पट्टा म्हणजे राखावे. रंगाचे दोन डबे सर स्वतः उचलून मोतीबाईच्या मागे फिरले. उरलेल्या दोन गुलमोहोरांना तिने बेधडक पांढरं लावलं आणि मोहावर नवा लाल पट्टा ओढला.

"झालं?" सरांनी विचारलं.

"कसं झालं? लाल लावलं की हात जोडायचे असतात, सर."

सरांनी इकडेतिकडे बघितलं, दोन्ही डबे खाली ठेवले आणि हात जोडले.