सेनापतीच्या सहीखाली माझी सही

ती घटना आठवली की आजही माझं पेन आपोआप खिशात परत जातं.

सेनगाव भागातल्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. एका सकाळी बंजारा तांड्याचे म्हातारे नाईक धापा टाकत आले. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य लादून फौजेला पुरवायचे. शाळेच्या पुस्तकात ज्याचं चित्र असतं, अशा एका इंग्रज सेनापतीनं त्यांना सहीनिशी पत्र दिलं होतं : यांनी लष्कराला धान्य वेळेवर पोचवलं, यांचे बैल कुणी अडवू नयेत. दर दिवाळीला त्याची पूजा व्हायची. फोटो काढतो म्हणून आलेल्या शहरी पाहुण्यानं पत्र ठेवायच्या पितळी नळीत त्याच्या जागी जुनं कॅलेंडर सारून पत्र लांबवलं होतं.

"साहेब, लोक आमाला चोर-लुटारू म्हनत्यात. त्यायला दाखवाया तेवढाच एक कागद हाय," नाईक म्हणाले.

तासाभरात खबर आली. एसटी स्टँडवरच्या चहावाल्यानं नाईकांनी सांगितलेल्या वर्णनाचा माणूस हेरला होता. त्याला ठाण्यात आणलं, पिशवी उपसली. काहीच नाही. मी टेबलावर हात आपटून आपटून तळवा लाल केला. तो शांतपणे चहा पीत होता.

शेवटी म्हातारे हवालदार माझ्या कानाशी लागले, "साहेब, ह्यो मघापासून खुर्चीला टेकून काहून बसत न्हाई?"

शर्ट काढला. पत्र पाठीला बांधलेलं.

मग मी पराक्रम केला. जप्त वस्तू पाकिटात घालून पाकिटावर सह्या घ्यायच्या असतात. विजयाच्या भरात मी पंचांच्या सह्या पत्रावरच घेतल्या, सेनापतीच्या सहीखाली माझी ठोकली आणि ठाण्याचा गोल शिक्काही उमटवला. हवालदारांनी डोळे मिटले. चोर कळवळला, "साहेब, आता हे कोण विकत घेणार?"

कोर्टाच्या हुकमानं पत्र परत द्यायला मी स्वतः तांड्यावर गेलो आणि मान खाली घालून चूक सांगितली. नाईकांनी कागद उजेडात धरला.

"त्या साहेबानं लिवलं, आमी धान्य बराबर पोचवलं. तुमच्या शिक्क्यानं समदं ठरलं, कागद आमचाच हाय. आता चोरनारा इकील कसा? बसा, जेवून जा."

संशयिताच्या तोंडापेक्षा त्याची पाठ बघावी आणि सही करण्याआधी कागद कुणाचा ते बघावं, एवढं मी त्या दिवशी शिकलो. दिवाळीला अजून बोलावणं येतं. पत्रावरच्या सगळ्या सह्यांना कुंकू लागतं. सेनापतीची शाई फिकी होत चाललीय. माझी निळी मात्र निर्लज्जासारखी ठणठणीत आहे.