तळाची कोरी ओळ

माझ्या भावोजींइतका दुसऱ्याचा अंत पाहणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत झाला नाही. भांड्यांवर नावं घालणं हा त्यांचा धंदा. पोलादी ठसे, एकेका ठशाच्या टोकाला एकेक अक्षर, आणि हातोडी. पुढे नावं घालायची मशिनं आली, गिऱ्हाईक आटलं आणि ते ठसे घरात मोकाट सुटले. झाऱ्यावर नाव, विळीच्या पात्यावर नाव, दाराच्या कडीवर चक्क ‘कडी’. माझी ताई म्हणे, “उद्या माझ्या कपाळावर ‘बायको’ ठोकतील हे!”

मग त्यांना कागदाचा नाद लागला. ठशांना शाई लावून ते कागदावर दाबत बसायचे. एकट्या ‘ल’ने त्यांनी मांडवीचा समुद्र छापला, ओळीमागे ओळ, किनाऱ्याकडे शाई दाट, लांब पुसट होत गेलेली. मी विचारलं, “ह्यात वाचायचं काय?” तर म्हणाले, “तू मांडवीवर रोज तासभर बसतोस, तेव्हा काय वाचतोस?” त्यांचा राग यायचा तो असा.

पण खरा छळ कच्च्या प्रतीचा. तांब्यावर घाव पडला की पुसता येत नाही, म्हणून आधी सगळा मजकूर त्याच ठशांनी कागदावर उठवायचा आणि गिऱ्हाइकाने तो तीनदा मोठ्याने वाचून खाली सही करायची. चमच्यावर ‘सुमन’ घालायचं असलं तरी तीनदा! एक गृहस्थ वैतागून ओरडले, “अहो, माझं नाव मला पाठ आहे!” भावोजी शांतपणे म्हणाले, “पाठ असलेलंच चुकतं. वाचा.” शिवाय नावांच्या पाट्याही करत, आणि प्रत्येक पाटीच्या तळाशी ते एक ओळ कोरी ठेवत. का, म्हणून विचारलं तर, “कुणीतरी राहतंच रे.”

मी तेव्हा आमच्या आळीतल्या वाचनालयाचा चिटणीस होतो. पुस्तकं देणाऱ्यांच्या नावांची तांब्याची पाटी लावायचं ठरलं. यादी मी लिहिली, काम भावोजींना दिलं. कच्ची प्रत घेऊन ते तीन वेळा माझ्याकडे आले. तिसऱ्यांदा मी जेवत होतो. “भावोजी, मी आयुष्यभर मराठी शिकवलंय. मला वाचायला शिकवू नका,” असं म्हणून मी डाव्या हाताने सही ठोकली. एक अक्षर वाचलं नाही.

पाटी लागली त्या दिवशी दाऊदचाचांची बायको मुद्दाम आली. चाचा बोटीवर खलाशी. बंदराबंदरातून पुस्तकं आणून वाचनालयाचं पहिलं कपाट त्यांनीच भरलेलं. पाटी लागायच्या आधीच ते गेले. चाचींनी पाटीवर बोट फिरवत सगळी नावं वाचली. मग पुन्हा वरून सुरुवात केली.

“मास्तर, ह्यांचं नाव कुठाय हो?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. “भावोजींच्या हातून राहिलं,” मी म्हणालो.

भावोजी तिथेच उभे होते. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, एकदाच खिशाकडे हात नेला. मग घरी जाऊन ठसे घेऊन आले आणि सगळ्यांसमोर तळाच्या कोऱ्या ओळीत चाचांचं नाव ठोकलं. “चाची, चूक झाली,” एवढंच म्हणाले.

गावात बोभाटा झाला. त्यानंतर त्यांच्याकडे कुणी साधी वाटीसुद्धा घेऊन आलं नाही. ताई मला एकदा म्हणाली, “तुझ्या त्या पाटीपासून ह्यांनी हातोडी टाकली रे.” खरं काय ते मी तिला अनेक वर्षं सांगितलं नाही.

गेल्या श्रावणात भावोजी गेले. ताईने त्यांची ट्रंक उघडली. त्यात साऱ्या कच्च्या प्रती एकावर एक रचलेल्या. माझीही सापडली: वाकडी सही, कोपऱ्यात आमटीचा डाग, आणि माझ्या यादीसारखीच, चाचांच्या नावाशिवाय. बाकीचे कागद सपाट होते. हा एकच चार घड्या घातलेला होता. म्हणजे त्या दिवशी तो त्यांच्या खिशात होता.

काल चाचींना जाऊन सगळं सांगितलं. आता गावाला सांगतो: नाव मी गाळलं, भावोजींनी नाही. छापायला देण्याआधी हा मजकूर ताईपुढे तीनदा मोठ्याने वाचला. खाली एक ओळ कोरी सोडली आहे. तिसऱ्या वाचनानंतर ताईने माझ्यापुढे पेन ठेवलं. मग म्हणाली, “कर सही. उजव्या हाताने.”