दोन लिटर आणि वर थोडं

माझी नात मुक्ता लोकांचे लग्नातले हार वाळवून रेझिनमध्ये बसवून देते. ते मधासारखं ओतायचं, मग काचेसारखं घट्ट होतं. आजचा साचा वीस सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, पाच उंच. म्हणजे दोन लिटर.

"फुलांची जागा वजा कर की," मी शहाणपणा केला.

"वाळलेली फुलं पितात गं आजी. उलट वर थोडं धरायचं. कमी पडलं तर गुलाब उघडा राहील, आणि या मुलीकडे दुसरा हार नाही."

तिने निम्मंच ओतलं. एकदम जाड ओतलं तर आतून तापतं म्हणे, फुलं करपतात.

मला एकोणीस वर्षांची एक बावळट आठवली. मीच ती. तिने हसणं, गाणं, लाड, सगळं पहिल्याच महिन्यात ओतलं होतं, तेही वाळलेल्या माणसांच्या घरात! त्यांनी ते पिऊन टाकलं, आणि ही रिकामं भांडं घेऊन "अजून वाढू?" विचारत फिरली. तिचा हार सासूबाईंनी चौथ्या दिवशी शेळीला खायला घातला, तेव्हा मोरीत बसून रडली. त्या लग्नाची चव फक्त शेळीलाच कळली.

दुसऱ्या दिवशी मुक्ताने उरलेलं निम्मं ओतलं, तरी एका गुलाबाचं टोक वर राहिलंच. मग राखून ठेवलेलं थोडं कालवून ओतलं. टोक बुडालं, तिचा जीव भांड्यात पडला.

"आजी, तुझ्या हाराला किती लागलं असतं?"

"वाटीभर. लेंड्या कुठे रेझिन पितात?"