अक्काला वगळून ठरलेली सहल

दसऱ्याच्या सुट्टीत मी लातूरहून नांदेडला अक्काकडे गेले, तेव्हा घरात सहस्रकुंडला जायचं चाललं होतं. अक्का माझी थोरली बहीण. तिच्या मालकांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मुलगा, सून आणि नातवंडं तिच्याजवळच राहतात. आमचा दादाही नांदेडातच असतो आणि सहलीची टूम त्याचीच होती. भाच्यानं मोठी गाडी सांगून ठेवली होती. सकाळी लवकर निघायचं, भोकर, हिमायतनगर करत जंगलात शिरायचं, धबधबा बघायचा, खालच्या पाण्यात मनसोक्त डुंबायचं आणि अंधाराच्या आत घरी. मला ऐकूनच बरं वाटलं. लातुरात आमचं अर्धं आयुष्य नळाची वाट बघण्यात जातं. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहणं कसं असतं, हेच मी विसरले होते.

गाडीत माझी जागा धरलेली होती. अक्काची नव्हती. हे मला कुणी सरळ सांगितलं नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात सून धपाट्यांना पीठ किती लागेल ते विचारत होती आणि बोलता बोलता म्हणाली की, आई घरीच आहेत म्हणून बरं, घराची काळजी नाही.

मी विचारलं, आई घरी का? तर म्हणे तिथं आपण सगळे हसणार-खेळणार, त्यांना बाबांची आठवण येईल, उगाच त्रास होईल. शिवाय मामा, म्हणजे आमचा दादा, म्हणाले की वर्ष तरी होऊ द्यावं. हे सगळं ती अक्कासमोरच बोलत होती, आणि अगदी मायेनं. अक्का शेंगदाणे भाजत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणजे धपाटे तिनंच थापायचे, शेंगांची चटणी तिनंच कुटायची, दह्याचा डबा भरून द्यायचा आणि गाडी गेली की दार लावून आत बसायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

मला पोहायला शिकवलं ते अक्कानं. लोहा तालुक्यातल्या आमच्या गावच्या विहिरीत. माझ्या पाठीला वाळके भोपळे बांधून तिनं मला पाण्यात सोडलं होतं. ती स्वतः काठावरून थेट उडी मारायची आणि दादा पायरीवर बसून आमचे कपडे राखायचा, कारण त्याला पाण्याची भीती वाटायची. तोच दादा आता पाण्यावर कुणी जायचं ते ठरवत होता. आणि अक्काचे मालक मोठे हौशी गृहस्थ होते. ते असते तर गाडीत सगळ्यांत आधी त्यांनी तिलाच बसवलं असतं.

दादा जेवायला आला तेव्हा मी विषय काढला. तो चिडला नाही, याचाच मला जास्त राग आला. समजुतीच्या सुरात म्हणाला, "आपल्याला चार लोकांत राहायचं हाय. लोक बघतात."

"वहिनी गेल्यावर तिसऱ्या महिन्यात तू मित्रांबरोबर गोव्याला गेलास," मी म्हटलं. "तेव्हा लोक बघत नव्हते?"

"ते येगळं हाय."

"काय वेगळं आहे, तेवढं सांग."

त्यानं भातावर ताक ओतून घेतलं आणि कालवत बसला. त्या वेळी आम्ही सगळ्यांनीच म्हटलं होतं की जाऊ दे, तेवढंच त्याचं मन रमेल. आता इतकी शिकलेली माणसं ताटावर बसली होती, पण एकालाही काय वेगळं ते सांगता येईना. भाचा मोबाईलमध्ये बघत राहिला.

जेवणं झाल्यावर अक्कानं मला गच्चीवर नेलं. मला वाटलं, तिला बरं वाटलं असेल. ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, "तू माझ्यासाठी भांडलीस. पर मला जायचं हाय का न्हाई, हे तू तरी इचारलंस का?"

मी खरंच विचारलं नव्हतं. मग ती म्हणाली, "जायचं हाय. लई जायचं हाय. पर ह्यांच्या गाडीत न्हाई. आता हात धरून नेतील आन दिवसभर माझ्या तोंडाकडं बघत बसतील."

तिथून आमची वेगळी आखणी सुरू झाली. अक्काच्या भिंतीला भिंत लागून शिवणकाम करणाऱ्या आपा राहतात. दोघींचं कित्येक वर्षांचं येणंजाणं. आपांचं माहेर हिमायतनगरचं. त्या म्हणाल्या की माझी पोरं दर पावसाळ्यात तिकडं जाऊन येतात, अम्मीला कधी कुणी चल म्हटलं नाही. त्यांनीच एसटीचं बघितलं. प्रश्न राहिला कपड्यांचा. साडी नेसून पाण्यात उतरलं तर ती पायात गुंडाळते. अक्कानं जन्मात कधी पंजाबी ड्रेस घातला नव्हता. आपांनी दार लावून तिची मापं घेतली आणि एका सुती साडीतून सैलसर कुर्ता-सलवार शिवली. मी सुचवलं की घरी लग्नाचं निमित्त सांगू. अक्कानं साफ नाही म्हटलं. ती काही चोरी करत नव्हती.

रविवारी घरची गाडी गेली. मी गेले नाही. अक्कानं मात्र पहाटे उठून सगळ्यांचे धपाटे केले, म्हणून मी तिच्याशीही दोन शब्द तिखट बोलले. मंडळी संध्याकाळी परत आली ती कोरडीच. गर्दी फार होती म्हणे, कठड्याजवळ फोटो काढले आणि फिरले. दादानं घरच्या ग्रुपवर फोटो टाकून खाली लिहिलं, अक्का, आज तुझी फार आठवण आली. जिला मुद्दाम मागं ठेवलं तिची आठवण येते, आणि ती चारचौघांत लिहायला लाजही वाटत नाही.

बुधवारी अक्कानं सुनेला सांगितलं की आम्ही तिघी सहस्रकुंडला चाललोय, स्वयंपाक तू बघ. सून काही म्हणायच्या आत आम्ही निघालोही.

हिमायतनगर सोडल्यावर दोन्ही अंगांना सागाची झाडी दाटत गेली. धबधब्याचा आवाज लांबूनच कानावर आला. तिथं काळ्या खडकांवरून पैनगंगा अशी कोसळत होती की जवळ जायची सोय नव्हती. आम्ही काठाकाठानं बरंच खाली गेलो. तिथं पात्र पसरतं आणि पाणी छातीभर, संथ होतं. दोन तरुण मोबाईल रोखून आमच्याकडे बघायला लागले. आपा चालत गेल्या आणि न बोलता त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. मोबाईल खिशात जाऊन ते निघून जाईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

अक्का पाण्यात उतरली आणि विहिरीत पोहायची तशीच हात मारत गेली. मी मागून. आपांना पोहता येत नव्हतं, त्या काठाशी कमरेएवढ्या पाण्यात बसून राहिल्या आणि उठायचं नावच घेईनात. मधेच अक्का एका दगडाला धरून थांबली आणि रडायला लागली. तिला मालकांची आठवण आली होती. सुनेचं तेवढं खरं ठरलं. मी जवळ गेले, तर तिनं हातानंच लांब राहा म्हणून सांगितलं. पोटभर रडली, तोंड धुतलं आणि पुन्हा पोहायला लागली. आठवण येईल म्हणून जिला घरात बसवलं होतं, तिला आठवण काढायला ह्याहून चांगली जागा कुठं मिळणार होती?

त्याच रात्री दादाचा फोन मला आला, अक्काला नाही. त्याच्या ओळखीच्या कुणीतरी आम्हाला एसटी स्टँडवर ओल्या केसांनी बघितलं होतं. मी म्हटलं, त्या माणसाचा नंबर दे, मी बोलते. त्यानं फोन ठेवला.

भाऊबीजेला आम्ही सगळे अक्काकडे जमलो. ओवाळून झाल्यावर दादानं हळूच तिला विचारलं की पाणी खोल होतं का. अक्कानं त्याला सगळं रंगवून सांगितलं. प्रवाह कसा, तळ कसा, पाय कुठं टेकतात. पुढच्या वर्षी तूही चल, मी धरते तुला, असंही म्हणाली. तो हसला. मी उठून आत गेले आणि भांडी घासायला घेतली. तिनं त्याला माफ केलं असेल. मला अजून त्याच्याशी नीट बोलता येत नाही.