कागदावर पडीक

संस्थेत मी नऊ वर्षं काम केलं. संस्था म्हणजे आम्ही तिघं: वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर, मेंढरं राखत मोठे झालेले मामा, आणि नकाशे, अर्ज, पत्रव्यवहार सांभाळणारी मी. सोलापुरात पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. खिडकी उघडली की नकाशांवर पीठ बसायचं, बंद ठेवली की जीव घुसमटायचा.

आमचं काम लोकांना समजावून सांगणं अवघड होतं. गावोगावची गायरानं, जिथं झाड नाही, पीक नाही, नुसतं गवत आहे, ती तशीच राहावीत एवढंच आम्हाला हवं होतं. जो भेटेल तो विचारायचा, "मग झाडं कधी लावताय?" सर न चिडता सांगायचे की माळाला झाडं नकोत, माळ म्हणजे बिघडलेलं जंगल नव्हे. समोरचा मान हलवायचा आणि निघताना म्हणायचा, "लिंब लावा, लवकर येतो."

मला तरी पहिल्यांदा काय कळत होतं? माझे वडील चादरीच्या मागावर, घरात तेलुगू, खेळणं गल्लीतल्या सिमेंटवर. कामाला लागल्यावर महिनाभरानं मामांनी मला माळावर नेलं. मी उभी राहून चौफेर बघितलं आणि म्हणाले, "इथं तर काहीच नाही."

"उभं ऱ्हाऊन न्हाय दिसायचं, ताई," मामा म्हणाले. "बसा की."

मी बसले. माझ्या पायापासून हातभर अंतरावर टिटवीची चार अंडी होती, खड्यांच्या रंगाची. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर ती माझ्या चपलेखाली आली असती. मामा हसले नाहीत. त्यांनी आजूबाजूची गवतं एकेक करून दाखवली. हे मारवेल, मेंढरू आधी ह्याच्याकडं जातं. ही पवन्या. ही कुसळी, कवळी हाय तवर चालती, मग तोंडात रुतती. मी वहीत लिहून घेतलं. त्या वहीवरून सरांनी पुढं आमचा पहिला अहवाल लिहिला.

कुंभारीच्या पुढं, अक्कलकोट रस्त्यावरून आत वळलं की मामांचं गाव लागतं. तिथल्या गायरानावर आमचा सगळ्यात जास्त जीव होता. गावाला राजी करून आम्ही चराईच्या पाळ्या ठरवल्या. पावसाळाभर अर्धा माळ बंद, दिवाळीनंतर उघडा. पहिली दोन वर्षं भांडणात गेली. मामांच्या धाकट्या भावानंच बंद भागात मेंढरं सोडली, तेव्हा मामांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. चौथ्या वर्षी गवत गुडघ्याला लागलं. खोकडाचं बीळ दिसलं, तेव्हा सर अख्खी दुपार लांब एका खडकाआड बसून राहिले आणि संध्याकाळी ऊन लागून आजारी पडले.

मग एका ग्रामसभेत विषय निघाला की गायरान सौर प्रकल्पाला द्यायचं. आम्ही तिघंही गेलो. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या होत्या. सर उठून बोलायला लागले. गवताची मुळं, जमिनीत मुरणारं पाणी, पक्षी. वर्गात बोलावं तसं बोलले, लोकांनी ऐकूनही घेतलं. मग मागून एक बाई उभी राहिली. तिला मी ओळखत होते, आमच्या पाळ्यांच्या बाजूनं ती नेहमी उभी राहायची.

"सर, तुमी म्हणताय ते खरं असंल," ती म्हणाली. "पर ह्या गवतानं आमच्या गावातलं एक तरी पोरगं पुण्याला जायचं थांबलं का?"

सर खाली बसले. हात वर करायला सांगितलं तेव्हा मामांच्या भावाचा हात पहिला वर गेला. पुढच्या रांगेत मामांची सून बसली होती, तिचाही गेला. मामांचा मुलगा चिंचोळी एमआयडीसीत कंत्राटावर होता, पहाटे निघून अंधार पडल्यावर घरी यायचा. गावातच काम मिळेल असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

परतताना गाडीत मामा म्हणाले, "माजा हात वर झाला न्हाय, ताई. कुटल्याच बाजूला न्हाय."

सर पुढं बघून गाडी चालवत राहिले.

त्यानंतर मी कलेक्टर कचेरीत हरकतीचे अर्ज केले. ते काम मला येत होतं. पक्ष्यांच्या नोंदी, गवतांची यादी, दरवर्षीचे फोटो, सगळं जोडलं. सुनावणीला साहेबांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला, फाईल पानं उलटून पाहिली.

"मेहनत दिसतेय मॅडम," ते म्हणाले. "पण रेकॉर्डला ही जमीन पडीक आहे. पडीक जमिनीचं नुकसान मी कसं दाखवू?"

ते वाईट माणूस नव्हते. ते वाईट असते तर मला बरं वाटलं असतं.

यंत्रं यायच्या आधी आम्ही तिघांनी तीन दिवस बी गोळा केलं. मामा गवताचे तुरे मुठीत धरून ओरबाडायचे, मी पोतं धरायचे, सर सावलीत बसून वेगळं करायचे. कुठं पेरायचं हे कुणीच बोललं नाही. दुसऱ्या तीन गावांत आम्ही विचारलं. एका गावात सौर कंपनीचा माणूस आमच्या आधी येऊन गेला होता. उरलेल्या दोन गावांत लोकांनी आम्हालाच विचारलं, "तुमच्या ओळखीचा हाय का कुणी कंपनीवाला? आमचाबी माळ पडूनच हाय की."

दोन पावसाळे पोती खोलीत राहिली. मग सरांनी ओल्या फडक्यात बी घालून बघितलं. उगवलं नाही.

"आपण थांबू या," ते म्हणाले. त्या महिनाअखेरीस आम्ही गिरणीवरच्या खोल्या सोडल्या. गवतांचे वाळवलेले नमुने सरांच्या जुन्या कॉलेजनं घेतले नाहीत, कपाटाला जागा नव्हती. सर मुलीकडं हैदराबादला गेले. सुरुवातीला फोन करायचे, इकडं पाऊस झाला का विचारायचे. पुढं तेही बंद झालं.

गेल्या वर्षी एका कामासाठी त्या रस्त्यानं गेले, तेव्हा मुद्दाम आत वळले. तारेचं कुंपण, आत ओळीनं काळी पॅनलं, खाली उघडी माती. पाठीवर फवारणीचा पंप घेतलेले मामा मला आधी ओळखूच आले नाहीत. तोंडाला फडकं बांधलेलं होतं. ते तारेजवळ आले, फडकं खाली केलं.

"पोराला न्हाय घेतलं," ते म्हणाले. "मला घेतलं."

"तुम्हाला कसं काय?"

"गवत वाढलं की सावली पडती म्हनं. कुटलं कवा उगवतंय, कुटल्याचं मूळ राहतंय, ते मला ठावं हाय की. मी सांगतो, मग त्या टायमाला औषद मारायचं." ते जरा थांबले. "हितला सायब म्हनतो, म्हातारा लई हुशार हाय."

त्यांच्या बोटांच्या पेरांवरची कातडी औषधानं पांढरी पडली होती.

"तुमी काय करताय आता?" त्यांनी विचारलं.

"नकाशेच काढते, मामा."

"कशाचे?"

"प्लॉटिंगचे."

त्यांनी मान हलवली. त्यात राग नव्हता, नवलही नव्हतं. "चांगलं हाय. काम तर हाय," म्हणाले. आतून कुणीतरी हाक मारली. त्यांनी फडकं परत नाकावर ओढलं, पंपाचा दांडा दोनदा दाबून बघितला आणि पॅनलांच्या ओळीत वाकून शिरले.