चाळीस चौकटी

साहेबांनी परसात वर्कशॉप बांधायला घेतलं तेव्हा गल्लीतल्या लोकांना वाटलं, म्हातारा नवी न्हाणी बांधतोय. मग कोंबड्यांच्या खुराड्याची बातमी उठली. साहेबांनी कुणाला उत्तर दिलं नाही. रिटायर झालेला माणूस फावडं घेऊन खड्डा खणायला लागला की त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय असं लोक धरूनच चालतात. त्यांच्या तोंडाला कोण लागणार!

साहेब म्हणजे दारं-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यातले तपासनीस. सगळी नोकरी दुसऱ्याचं काम तपासण्यात गेली, स्वतः कधी खुंटी ठोकली नाही. कामगार पाठीमागे त्यांना 'काटकोन' म्हणायचे, कारण हातात कायम गुण्या. सुतार कोपरा सरळ आहे की नाही ते ज्याने बघतात तो गुण्या. लाकडी दांडा आणि त्यात बसवलेलं पोलादी पातं. साहेब तो चौकटीच्या कोपऱ्यात लावायचे, फटीतून उजेड दिसला की खडूची फुली. आणि एकदा फुली म्हणजे फुली. ब्रह्मदेव खाली उतरला असता तरी पुसली गेली नसती.

अशा माणसाला साठीनंतर हुक्की आली, की आपणही आपल्या हाताने काहीतरी करून बघू. बायको म्हणाली, "धाकट्याला बोलावू का? हाताखाली तरी येईल." धाकटा म्हणजे तिचा भाऊ. साहेब म्हणाले, "नको, मी एकटाच करणार." ती पदराला हात पुसत म्हणाली, "तेही बरोबरच आहे म्हणा. त्याच्या हाताला कुठे सफाई आहे!"

चार महिने खपले बिचारे. खड्डे खणले, खांब रोवले, फळ्या ठोकल्या. हाताला फोड आले, फुटले, परत आले. छपराचे पत्रे टाकले आणि स्क्रू मारले ते पत्र्याच्या खोलगट भागात, जिथून पाणी वाहतं नेमकं तिथेच. वर बादलीभर पाणी ओतून बघितलं तर खाली चाळण. बायको म्हणाली, "म्हणजे लोक म्हणत होते ते खरं, न्हाणीच आहे." साहेबांनी सगळे स्क्रू काढले, भोकं बुजवली आणि उंचवट्यावर नवे मारले. तेव्हा त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं, की करणाऱ्याच्या हातून चुकतं.

शेवटी राहिली दाराची चौकट. तिच्यासाठी साहेबांनी कपाटातून जुना गुण्या काढला. बावीस वर्षं तो तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. घरात दागिनेसुद्धा इतके जपले नसतील. त्याला कारण होतं.

बावीस वर्षांपूर्वी कारखान्यात एका शाळेच्या खिडक्यांचं काम आलं होतं. चाळीस चौकटी, आणि त्या केल्या होत्या धाकट्याने. पोरसवदा होता, पण कारागीर असा की त्याचा सांधा नखाला लागायचा नाही. साहेबांनी पहिल्या चौकटीला गुण्या लावला, फट दिसली. दुसरीला लावला, फट. धाकटा म्हणाला, "भाऊजी, एकदा गुण्या उलटा करून बघा ना." सगळे बघत होते. साहेब कडाडले, "कारखान्यात मी तुझा भाऊजी नाही! आणि तू मला शिकवू नकोस." चाळीसच्या चाळीस चौकटींवर फुली मारली. आता चाळीस चौकटी एकाच बाजूला, एकाच मापाने चुकतात म्हटल्यावर शेंबड्या पोरालाही संशय आला असता. साहेबांना आला नाही. आदल्याच दिवशी गुण्या हातातून फरशीवर पडला होता, तो त्यांनी पुसला आणि खिशात टाकला, हेही आठवलं नाही.

चौकटी फोडून बॉयलरला घातल्या. धाकट्याला सुतारकामावरून काढून गाड्या भरायला लावलं. मालकांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "याला म्हणतात तपासनीस! सख्ख्या मेहुण्यालाही सोडलं नाही." आठ दिवसांत साहेब मुख्य तपासनीस झाले, त्यांना टेबल मिळालं, आणि हा गुण्या मानाची खूण म्हणून घरी आला तो फडक्यातच राहिला. धाकट्याने वर्षभरात कारखाना सोडला. तेव्हापासून तो एका गोदामात मालाची खोकी ठोकतो.

तर त्या गुण्याने साहेबांनी दाराची चौकट जुळवली, उभी केली, पक्की केली. दार मात्र गल्लीच्या टोकाच्या सुताराकडून करून घेतलं. मंगळवारी सकाळी सुतार दार घेऊन आला. लावून बघतात तर वर अंगठा जाईल एवढी फट आणि खाली दार घासतंय.

साहेबांच्या अंगात तपासनीस संचारला. "अरे, हे दार आहे की पतंग? एक कोपरा सरळ नाही! डोळे मिटून करता का कामं?" शेजारपाजारचे चार जण कुंपणाशी आले. सुतार ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. "काका, नाचता येईना अंगण वाकडं असं करू नका. तुमचा गुण्या द्या इकडे."

त्याने एका फळीच्या सरळ कडेला गुण्या टेकवला आणि एका टिंबापासून पेन्सिलीने रेघ मारली. मग गुण्या उलटा केला, पालथा घातला, आणि त्याच टिंबापासून दुसरी रेघ मारली. गुण्या खरा असता तर रेघेवर रेघ बसली असती. इथे दोन रेघा खाली एकत्र होत्या आणि वर जाता जाता चांगल्या दूर झाल्या. "काका, वाकडा तुमचा गुण्या आहे. ही परीक्षा तर आम्ही शिकायला लागलो की पहिल्या दिवशी घेतात."

कुंपणाशी कुणीतरी खुसखुसलं. साहेबांना ते ऐकूही आलं नाही. ते त्या दोन रेघांकडे बघत राहिले आणि त्यांच्या कानात एकच आवाज आला, 'एकदा उलटा करून बघा ना.' मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. सुताराची माफी मागायचीही शुद्ध राहिली नाही. तो दार भिंतीला टेकवून निघून गेला.

दोन दिवस साहेब नीट जेवले नाहीत. बायकोने विचारलं तर म्हणाले पित्त झालंय. गुरुवारी ते गोदामात गेले. धाकटा खोकी ठोकत होता. तीन घावांत खिळा आत, पुढचा खिळा, तीन घाव. केस पिकलेले. त्याने एक रिकामं खोकं पुढे सरकवलं, "बसा भाऊजी. सगळं ठीक ना घरी?"

साहेबांनी वाटेत भाषण जुळवलं होतं. त्यातलं एक वाक्य तोंडातून निघेल तर शपथ. "गुण्या वाकडा होता रे," एवढंच म्हणाले.

"हो," धाकटा म्हणाला. "डावीकडे झुकायचा."

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही जेवायला गेलात तेव्हा कामाच्या बाकावर पडला होता. उलटा करून बघितला."

"मग बोंब का नाही मारलीस? मालकांकडे का नाही गेलास?"

"गेलो होतो की." धाकट्याने हातोडी खाली ठेवली. "मालक तेव्हा तुमचंच कौतुक करत होते. दारातून परत फिरलो. ताईला सातवा महिना होता, भाऊजी. खरं बोललो असतो तर तुमची नोकरी गेली असती. मी काय, सडाफटिंग. माझं कुठेही भागलं असतं."

साहेबांचा चेहरा कानापर्यंत तापला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, ते काय असतं ते त्या खोक्यावर बसून त्यांना कळलं. "मी तुझ्या ताईला सांगतो," ते म्हणाले. "आजच सांगतो."

"अजिबात नाही!" धाकटा पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलला. "तेव्हा तिने मला घरी बोलावून झाडलं होतं. माझ्यापायी तुमची मान खाली गेली म्हणाली. आजही मधूनमधून सुनावते. आता कळलं तर तुमचं ओझं उतरेल आणि तिच्या डोक्यावर बसेल. राहू द्या. त्या गुण्याने परसातली चौकटही वाकडीच बसली असेल. रविवारी येतो, सरळ करून देतो."

साहेब 'बरं' म्हणाले. आणि खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. घरी जाताना त्यांना सुटल्यासारखं वाटलं. धाकट्याने नको म्हटलं, आता आपला काय इलाज, असं ते मनाशी म्हणत होते आणि चाल जरा हलकी झाली होती. घराच्या पायरीशी ते त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं, आणि मग तर त्यांना बायकोच्या तोंडाकडे बघवेना.

रविवारी धाकटा पिशवीत हत्यारं घेऊन आला. बावीस वर्षांनी पटाशी हातात धरली असेल, पण लाकडाचा पापुद्रा असा काढत होता की बघत राहावं. साहेब चौकट धरून उभे होते. बायको चहा घेऊन आली. नवऱ्याने केलेली खोली तिने कौतुकाने वर-खाली बघितली, आणि सवयीने भावाला म्हणाली, "बघ, या वयात यांनी एकट्याने एवढं उभं केलं. तू तेव्हा जरा मन लावून केलं असतंस, तर आज खोकी ठोकायची वेळ आली नसती."

"हो ताई," धाकटा म्हणाला. मान वर केली नाही.

ते 'हो ताई' साहेबांना सहन झालं नाही. "त्याच्या चौकटी बरोबर होत्या," ते म्हणाले. आवाज फाटला. "चाळीसच्या चाळीस. माझा गुण्या वाकडा होता."

"भाऊजी!" धाकटा ओरडला.

बायकोने कपबशी खाली ठेवली. "कधी कळलं तुम्हाला?"

"मंगळवारी."

"आज रविवार आहे," ती म्हणाली. मग भावाकडे वळली. "आणि तुला?"

धाकटा पटाशीची धार बोटाने पुसत राहिला. तिला कळलं. ती मटकन खाली बसली, लाकडाच्या भुशातच. मग तिने भावाचा हात ओढून घेतला आणि त्याचा तळवा उलटसुलट करून बघितला. खिळ्यांचे व्रण होते, एक नख काळं पडलेलं. "आणि मी तुला काय काय बोलले रे," एवढंच म्हणाली.

साहेब चौकट धरून तसेच उभे. काहीतरी म्हणावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"तुम्ही आत जा," बायको म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "चौकट मी धरते."

साहेबांनी हात सोडले. तिने चौकट धरली. ते स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसले. बाहेर पटाशीचा आवाज येत होता, मध्येच धाकट्याचं 'जरा डावीकडे, ताई', मध्येच तिचं नाक ओढणं. तासाभराने बिजागरीचे स्क्रू फिरल्याचं ऐकू आलं. मग दार लागलं, कुठेही न घासता, पहिल्याच झटक्यात. साहेब उठून उभे राहिले. थोडा वेळ तसेच उभे होते. बघायला या म्हणून कुणी हाक मारली नाही, तेव्हा परत बसले.